एक्सपोर्टचा मणी

सावद्याला नानांच्या आधी मला त्यांचा आवाज भेटला.

ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला मी धुळ्याहून रुजू झाले होते आणि राहायला खोली शोधत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात "भागवत नानांचं घर कुठलं?" असं विचारत होते, तेवढ्यात गल्लीच्या आतून कोणीतरी भांडत असल्यासारखा आवाज आला, "गाडी भरली का नही भरली, येवढंच सांग!" दुकानदार वजन करता करता म्हणाला, "हे काय, आवाज येऊन राह्यला ना, तेच."

आवाजाच्या मागे गेले तर ओट्यावर एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस मोबाईल कानापासून हातभर लांब धरून बोलत होता. तेवढ्या आवाजात फोनची गरज होती असं काही वाटेना. मला पाहून त्यांनी बोलणं अर्धवट तोडलं.

"खोली पाह्यजे ना? वरची हाये. मास्तरीन बाई येनार म्हनून सांगितलं व्हतं मले. अवं, चहा टाक!"

भाडं, पाणी, लाईट यातलं काही ठरायच्या आत चहा आला. तो घेऊन आल्या त्या इंदूअक्का. नानांच्या खांद्यापर्यंतही न पोचणाऱ्या, चटपटीत, असोद्याच्या माहेरवाशीण. त्या नानांना म्हणाल्या, "त्या समोरच बसल्या हायेत. रावेरले नही बसल्या." नाना लगेच हळू बोलले, म्हणजे नेहमीच्या माणसाच्या आवाजात. ते जेमतेम एक वाक्य टिकलं.

नानांचा जन्म केळीत गेला होता. बागा पाहायच्या, कटाई करायची, गाड्या भरून उत्तरेकडे पाठवायच्या. घड बांधावरूनच पाहून ते सांगत की हा दिल्लीला जाईल की भुसावळलाच खपेल. मी राहायला गेले तेव्हा धंदा मुलाकडे, संजयकडे गेला होता. संजय फोनवर फोटो मागवायचा आणि फोटोवरच सौदा करायचा. नानांना ते पटत नसे. "फोटोत केळाचा वास येते का?" असं ते रोज विचारत. संजय रोज हसत असे. मग नाना ओट्यावर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. एवढ्या मोठ्या माणसाला दिवसभर काही काम नाही, हे पाहवत नसे.

त्याच वर्षी अक्कांचं ऑपरेशन झालं. गळ्यातली थायरॉईडची गाठ वाढली होती, ती जळगावला काढली. ऑपरेशन चांगलं झालं, अक्का बऱ्या होऊन घरी आल्या. गळ्यावर मात्र एक आडवी गुलाबी रेघ राहिली आणि आवाज थोडा जाड झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रेघ हळूहळू फिकी होईल. अक्कांना तेवढा धीर नव्हता. त्या पदर गळ्याभोवती गुंडाळून घेऊ लागल्या. सावद्याच्या मे महिन्यात, जिथे ओट्यावर पाणी मारलं तर ते वाळताना दिसतं, तिथेसुद्धा पदर गळ्याशी घट्ट.

अक्का म्हणजे लग्नघरची बाई. हळदीला गाणी सुरू करायची ती अक्कांनीच. नात्यात, भावकीत कुठेही लग्न असलं की पत्रिकेबरोबर निरोप यायचा, अक्कांना आदल्या दिवशीच पाठवा. त्या वर्षी पत्रिका फडताळात साठत गेल्या आणि अक्कांचे गुडघे अचानक दुखू लागले. सोन्याची ठुशी त्यांनी सुनेला देऊन टाकली. गळ्याला टोचते म्हणाल्या. नाना हे सगळं ओट्यावरून पाहत होते. त्यांनी कधी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही, आणि त्यांनी विचारलं असतं तर गल्लीत सगळ्यांनीच ऐकलं असतं.

मग एक दिवस केळी सोडून रिकामी परतलेली गाडी दारात थांबली. ड्रायव्हरनं गवतात बांधलेली एक लांबट लाकडी पेटी उतरवली. शेजाऱ्यांना वाटलं, ठिबकच्या नळ्या आल्या. पेटीत काचेच्या कांड्या होत्या. निळ्या, पांढऱ्या, मधासारख्या पिवळ्या, करंगळीपेक्षा बारीक आणि हातभर लांब.

"हे काय, नाना?"

"मनी करनार," नाना म्हणाले.

मला आधी 'मनी' म्हणजे पैसे वाटले. मग त्यांनी समजावून सांगितलं. तरुणपणी केळीच्या गाडीबरोबर ते उत्तरेत गेले होते. तिथे एका गावाजवळ गाडी बंद पडली. गावातल्या गल्लीत घरोघरी माणसं जाळापुढे बसून काचेचे मणी करत होती. "मानूस बसल्या जागी काच मधासारकी पातळ करते, नी तारंवर गुंडायते. मी पाह्यतच बसलो. गाडी दुरुस्त झाली, ड्रायव्हर हाका मारून राह्यला, मी उठलोच नही." एवढी वर्षं ती गोष्ट मनात होती. आता त्याच रस्त्यानं जाणाऱ्या ड्रायव्हरला सांगून त्यांनी कांड्या मागवल्या होत्या.

घरामागे एक जुनी खोली होती, पूर्वी तिच्यात केळी पिकवत. ती नानांनी झाडून घेतली. ओळखीच्या सोनारानं पायानं दाबायचा भाता आणि जुना बर्नर दिला. सायकलच्या दुकानातून चाकाच्या तारा आणल्या. तारेला मातीचा पातळ लेप द्यायचा, तो वाळू द्यायचा, म्हणजे मणी तारेवरून सुटून येतो. मग डाव्या हातात तार, उजव्या हातात काचेची कांडी, समोर जाळ. कांडीचं टोक लाल होऊन लोंबू लागलं की ते तारेवर टेकवायचं आणि तार फिरवत राहायची. एवढंच काम. नानांच्या हातात मात्र ती तार म्हणजे हत्तीनं काडेपेटीतली काडी धरावी तशी दिसे.

पहिला मणी दाखवायला ते जिना चढून वर आले. तो चघळून टाकलेल्या गोळीसारखा होता, एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला दबलेला.

"छान आहे," मी म्हटलं.

"मॅडम, खोटं बोलू नका. हा घड असता तर मी बांधावरच फेकून देला असता."

मणी तपासायची त्यांची पद्धत केळीचीच होती. खिडकीजवळ नेऊन, एक डोळा मिटून, प्रत्येक मणी पाहायचा. गोल, दोन्ही बाजूंनी सारखा, भोक मधोमध, तर तो 'एक्सपोर्टचा'. त्याखालचा 'दिल्लीचा'. त्याखालचा 'लोकल'. आणि अगदीच बिघडलेला 'ढोरांचा', म्हणजे गोठ्यात टाकायच्या लायकीचा. सुरुवातीचे कित्येक आठवडे सगळा माल ढोरांचा निघत होता. मी कॉलेजातून आले की जिन्याखालून विचारायची, "नाना, आज एक्सपोर्ट?" आणि आतून उत्तर यायचं, "ढोरं खूश!"

पण एक चमत्कार झाला. घर शांत झालं. मणी तारेवर असताना बोललं की हात हलतो, आणि हात हलला की मणी वाकडा होतो, हे नानांच्या लक्षात आलं. ते बर्नरपुढे बसले की तोंड मिटून बसत. अक्का मला म्हणाल्या, "लग्न होऊन आली तव्हापासून दुपारी येवढी शांतता मले मालूमच नव्हती. करू दे मनी. चांगला नाद हाये."

मणी गोल होऊ लागले तेव्हा नवीनच संकट आलं. ते फुटू लागले. चांगला गोल झालेला मणी बाजूला ठेवला की थोड्या वेळानं 'टिक्' असा आवाज यायचा आणि त्याचे दोन तुकडे व्हायचे. नाना थेट वर आले. "मॅडम, तुम्ही फिजिक्सच्या. काच थंडी होताना कायले फुटते?"

मी सांगितलं की बाहेरची काच आधी गार होऊन आकसते आणि आतली अजून गरम असते, त्या ओढाताणीत ती तडकते. हळूहळू गार केली तर टिकेल. नाना विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजे केळीसारकंच. एकदम थंडीत टाकलं तर तेही काळं पडते." आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी मडक्यात गोवऱ्यांची गरम राख भरून ठेवली होती. मणी झाला की तारेसकट राखेत.

भरिताच्या पार्टीची गोष्ट तेव्हाचीच. हिवाळ्यात संजयच्या सासऱ्यांना मळ्यात भरीत खायला बोलावलं होतं. असोद्याची हिरवी वांगी आली होती, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मोठा जाळ केला होता. नानांच्या डोक्यात आलं की एवढी राख, एवढी ऊब, मडक्यापेक्षा कितीतरी मोठी. पुन्हा तापून हळूहळू गार व्हावेत म्हणून कोणाला न सांगता त्यांनी खिशातले मणी त्या राखेच्या कडेला पुरले. पोरांनी वांगी भाजली, परतवली, राख इकडची तिकडे झाली. वांगी सोलली, लाकडी बडगीत ठेचली, वर कांद्याची पात, फोडणी. पंगत बसली. दुसऱ्या घासाला व्याह्यांनी तोंड थांबवलं. दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं. निळा मणी.

व्याही गालावर हात ठेवून नानांकडे पाहत होते. नानांनी तो मणी घेतला, सदऱ्याला पुसला, उन्हात धरला आणि एक डोळा मिटला.

"ठेचला, तरी फुटला नही! मॅडम, पाहा, ठेचला तरी फुटला नही!"

व्याह्यांचा दात शाबूत आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. ते शेवटी मी विचारलं. दात शाबूत होता. जाताना व्याही तो मणी मागून घेऊन गेले.

मणी ओवायचं नानांना शिकवलं ते माझ्या आईनं. ती धुळ्याहून आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. तिचं बालपण साक्रीकडचं, तिथल्या बाजारातून मणी आणून माळा करायची तिला लहानपणची सवय. नाना एका साध्या दोऱ्यात मणी घालताना पाहून तिला राहवलं नाही.

"भाऊ, असं नही. दोरा दुपदरी ल्या. हर मन्याना मांगे गाठ मारा. दोरा तुटना तरी एकच मनी पडी, बठ्ठा नही सांडतस."

नाना लेवा बोलीत विचारत, आई अहिराणीत उत्तर देई. दोघांचं उत्तम जमलं. गाठ मण्याच्या अगदी जवळ बसली नाही की आई ती सुईनं सोडवायला लावायची, आणि एवढा गल्ली हलवणारा माणूस मुकाट्यानं सोडवायचा.

आई गेल्यावर काही दिवसांनी माळ पूर्ण झाली. माळ म्हणजे ठुशीच होती ती, गळ्यालगत बसेल अशी. निळे, मधाच्या रंगाचे आणि मधूनमधून हिरवे मणी. एकूण एक एक्सपोर्टचा. त्याच आठवड्यात असोद्याहून अक्कांच्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली होती. सकाळी मी वर केस विंचरत होते, तेव्हा खाली नानांचा आनंदी आवाज ऐकू आला, "घालून पाह्य ना!" मग अक्कांचा आवाज.

थोड्या वेळानं अक्का वर आल्या. डोळे लाल. पदर गळ्याशी गुंडाळलेला.

"तुम्हाले मालूम व्हतं का, मॅडम? इतके दिवस हे सारं माह्या गळ्यावर पडदा टाकाले चाललं व्हतं. बरोबर त्या रेघंवर बसते ते. मी पदर घेते ते लोकांसाठी. घरच्या मानसालेही लाज वाटते माही?"

मला खरंच माहीत नव्हतं. मलाही वाटलं होतं, रिकाम्या माणसाचा नाद. मी त्यांना पाणी दिलं. त्या पाणी न पिता खाली गेल्या.

त्या दिवशी नाना बर्नरपुढे बसले नाहीत आणि ओट्यावरून कोणाला हाकही मारली नाही. संजयनं विचारलं, तब्येत बरी आहे ना? नानांनी नुसती मान हलवली. शेजारपाजारचे खरोखर घाबरले. मला कॉलेजात जाताना किराणावाल्यानं थांबवून विचारलं, "नाना गावाले गेले का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले तर नाना मागच्या खोलीत खाली बसले होते. ठुशी त्यांनी कापायला घेतली होती. आईच्या गाठी इतक्या घट्ट होत्या की प्रत्येक मणी वेगळा कापून काढावा लागत होता. मण्याला कात्री लागू नये म्हणून ते श्वास रोखून कापत होते. सगळे मणी ताटात मोकळे झाले, तेव्हा त्यांनी नवीन दोरा घेतला, आधीपेक्षा कितीतरी लांब. मग आणखी मणी केले आणि पुन्हा एकेक गाठ मारत बसले.

पुढचं मला अक्कांनी नंतर सांगितलं. नानांनी ती लांब माळ त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही छातीवर येते. गळ्यावरचं काहीच झाकत नही. मले झाकायचं नव्हतंच. तू पदर गुंडायते, म्हनून मले वाटलं तुले झाकायचं हाये. सोनं तुले टोचते. काच गुळगुळीत असते, म्हनून काच घेतली. दवाखान्यात तुले बाहेर आनलं, तव्हा गळ्यावरची पट्टी पाह्यली नी मले वाटलं, झालं, आता ही आपल्या घरी येते. मले कायची लाज?"

अक्का माळ हातात घेऊन पाहत होत्या. "हे हिरवे कुठले? पेटीत तर हिरव्या कांड्या नव्हत्या."

"तुह्या बांगड्या."

ऑपरेशनच्या आधी नर्सनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं होतं. हातातल्या हिरव्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी त्या वाढवाव्या लागल्या. अक्का ऑपरेशनला घाबरल्या नव्हत्या, पण तेव्हा रडल्या होत्या. नानांनी ते तुकडे रुमालात गोळा केले होते. ते जाळात वितळवून त्यांनी हे मणी केले होते, आणि म्हणूनच अगदी हात बसेपर्यंत त्यांना हात लावला नव्हता.

असोद्याच्या लग्नाला मीही गेले. अक्का गाडीतून उतरल्या तेव्हा पदर डोक्यावर होता, पण गळा मोकळा. गुलाबी रेघ आणि तिच्याखाली निळ्या, हिरव्या, मधाळ मण्यांची लांब माळ. मांडवात शिरल्यापासून मला दिसत होतं, बायकांची नजर आधी रेघेवर जात होती, मग माळेवर. रेघेपेक्षा माळेनंच जास्त खळबळ केली. केळीच्या व्यापाऱ्याची बायको, आणि गळ्यात काच? एक नणंद जवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, धंद्यात काही झालं का? सोनं दिसत नही."

"सोनं कपाटात हाये," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "हे मनी घरच्या मानसानं केले. सोनं दुकानात भेटते, हे कुठी भेटत नही."

एका म्हाताऱ्या काकूंनी बोटानं रेघेला हात लावला. "दुखते का वं, इंदू?"

"नही वं काकू. आता जेवता येते, गाताही येते."

"मंग गाय ना. कायची वाट पाह्यते?"

अक्कांनी गाणं सुरू केलं. आवाज पूर्वीसारखा चढला नाही, जाड होता, खालच्या सुरात होता. पहिल्या ओळीला बायका थबकल्या. मग एकेकीनं आपला सूर खाली आणला, अक्कांच्या सुराशी नेऊन बसवला, आणि सगळ्या गाऊ लागल्या. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नाना वाढप्यांना ओरडून सूचना देत होते. गाणं कानावर आलं तसे ते हातात वरणाची बादली घेऊन तिथेच उभे राहिले. पंगत वाट पाहत होती, पण त्यांना कोणी हाक मारली नाही.

नाना केळीच्या धंद्यात बुडाले, ही बातमी मात्र परतायच्या आधीच सावद्याला पोचली होती. आठवडाभर ओळखीचे व्यापारी गंभीर चेहऱ्यानं येत राहिले, धीर धरा म्हणत राहिले. नानांनी त्यांना चहा पाजला, मागची खोली दाखवली आणि प्रत्येकाच्या बायकोसाठी चार मणी दिले. त्यातून मागण्या सुरू झाल्या. मणी तपासायचं काम आता अक्कांकडे गेलं, आणि त्या नानांपेक्षा कडक निघाल्या. नाना एखादा मणी एक्सपोर्टचा म्हणून पुढे करत, अक्का तो खिडकीजवळ धरत आणि म्हणत, "दिल्ली." नाना वाद घालत. निकाल बदलत नसे. पुढे अक्का स्वतःच काळा चष्मा लावून जाळापुढे बसू लागल्या. त्यांचे मणी बारीक आणि सारखे होत. नाना ते येणाऱ्या प्रत्येकाला आपले म्हणून दाखवत, आणि ते आपले नाहीत हेही लगेच सांगून टाकत.

माझी बदली धुळ्याला झाली. त्यानंतर दिवाळीत, उन्हाळ्यात मी एखादी फेरी सावद्याला करत असे. नाना मागच्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठले नाहीत. संजयनं मला ते फोनवर सांगितलं.

त्याआधी मला ते शेवटचे दिसले सावद्याच्या बसस्टँडवर. मला पोचवायला आले होते. वाटेत माझी पिशवी काही त्यांनी मला धरू दिली नाही. जळगावची बस लागली, मी खिडकीशी बसले, नाना खाली उभे राहून आईला काय काय निरोप द्यायचे ते सांगत होते. कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली, तेवढ्यात नानांची नजर माझ्या पुढच्या सीटवर गेली. तिथे एक अनोळखी, नवी लग्न झालेली मुलगी बसली होती आणि तिच्या गळ्यात नानांच्या मण्यांची माळ होती.

नाना बसबरोबर चालू लागले. "थांबा! ओ कंडक्टर, थांबा जरा!"

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बसमधल्या सगळ्यांना वाटलं, कोणी पडलं. नानांनी खिडकीची काच ठोठावली. मुलगी घाबरून बाहेर पाहू लागली.

"पोरी, माळ उलटी घातली तू. मोठा मनी मांगे गेला. पुढे घे."

मुलीनं मानेमागे हात नेला. खरंच, मोठा मणी मागे गेला होता. तिनं हसून माळ फिरवली आणि मणी पुढे आणला. नानांनी दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी केली, एक डोळा मिटला, आणि नीट पाहून घेतलं. मग कंडक्टरकडे हात हलवला.

"हं. आता जाऊ द्या."

बस निघाली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होते. नाना धुळीत उभे होते, कंबरेवर हात ठेवून, आणि अजून त्या मुलीच्याच गळ्याकडे पाहत होते. मला हात करायचं ते साफ विसरून गेले.